दोरीवरची मुलगी जिम्नॅस्टिक्सला घालताना



शाळेच्या दोरीच्या मल्लखांबात एखादी मुलगी चमकली, की सर म्हणतात, "हिला आता जिम्नॅस्टिक्सला घाला." घरी ठरवायचं मात्र आईवर येतं. हो किंवा नाही म्हणण्याआधी काय समजून घ्यायचं, ते आज पाहू.

लांबून दोन्ही खेळ सारखे दिसतात. दोरीवर कमावलेली हातांची ताकद, अंगाचा लवचीकपणा आणि उलटं लटकायची मोडलेली भीती मुलीसोबत जाते. पण जिम्नॅस्टिक्समध्ये धावत येऊन उडी मारायची आणि दोन पायांवर स्थिर उतरायचं असतं. त्या क्षणी घोट्यांवर, गुडघ्यांवर वजनाच्या कित्येक पट भार येतो. हे तिच्या अंगाला नवीन असतं. म्हणून पहिलं वर्ष पाया घालण्याचं समजा. दोरीवर पहिली येणारी पोर तिथे नवख्या मुलींत उभी राहील. तिला "मागे पडलीस" म्हणू नका.

जिम्नॅस्टिक्समध्येही मुलींसाठी वेगळे प्रकार आहेत. आर्टिस्टिकमध्ये व्हॉल्ट, अनइव्हन बार, बीम आणि फ्लोअर असतं. रिदमिकमध्ये रिंग, चेंडू, क्लब आणि रिबन घेऊन संगीतावर हालचाली करतात. मुलीला कशात घालणार आणि का, हे सरांना स्पष्ट विचारा.

घाई करू नका. आंतरराष्ट्रीय सीनियर गटात खेळायला मुलीला त्या वर्षी सोळावं पूर्ण व्हावं लागतं. त्रिपुराच्या दीपा कर्माकरने लहानपणीच सुरुवात केली, पण 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टला चौथी आली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती.

दहा ते चौदा वर्षांत हाडं झपाट्याने वाढतात. टाच, मनगट किंवा कंबर सतत दुखत असेल, तर "सवय होईल" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. वजन कमी ठेवायचं म्हणून मुलीला उपाशी ठेवायला कोणी सांगितलं, तर ऐकू नका. भाकरी, डाळ, दूध, अंडी तिला पोटभर हवीत. पंधरा वर्षांपर्यंत पाळी आली नाही किंवा आलेली थांबली, तरी दवाखान्यात जा.

हे प्रश्न वहीत लिहून घ्या. खाली जाड गाद्या आहेत का? बाई प्रशिक्षक आहेत का? सराव चालू असताना आईला बसू देतात का? शाळा किती बुडेल? प्रवास, पोशाख, राहणं, सगळं मिळून वर्षाला किती खर्च येईल? हा आकडा कळल्याशिवाय गटातून कर्ज उचलू नका. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत निवासी प्रशिक्षण असतं. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चौकशी करा.

आणि मुलीलाही विचारा. तिला दोरीच आवडत असेल, तर तेही चांगलंच. मल्लखांब ही काही जिम्नॅस्टिक्सची खालची पायरी नव्हे. खेलो इंडिया युवा स्पर्धांतही तो खेळला जातो. दोन-तीन महिने करून पाहू, नाही जमलं तर परत दोरीवर, असं आधीच सांगून ठेवा. परतीची वाट मोकळी आहे हे कळलं, की मुलगी न घाबरता उडी मारते.