वारसाफेरी (मुंबई उपनगरे)

ऐतिहासिक शहराच्या जुन्या भागातून जाणकार मार्गदर्शकाच्या सोबतीने, आधी आखलेल्या मार्गाने व ठरावीक वेळात केलेले अभ्यासपूर्ण पायी भ्रमण म्हणजे वारसाफेरी. बोलीत ती ‘हेरिटेज वॉक’ या नावाने रूढ आहे. यात्रा, गिरिभ्रमण व सहल यांहून तिचे स्वरूप भिन्न असते. यात्रेत देवस्थान हे उद्दिष्ट असते व वाट हे साधन. वारसाफेरीत वाट हेच उद्दिष्ट होय. घराचे जोते, गल्लीचे वळण, विहिरीचा काठ, वेशीवरचे देऊळ किंवा क्रूस ही सर्व तिची अभ्याससामग्री असते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मुंबई उपनगर जिल्ह्यातील वारसाफेऱ्यांचा विचार केला आहे. अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे या जिल्ह्याचे तीन तालुके असून घाटकोपर व मुलुंड ही उपनगरे कुर्ला तालुक्यात मोडतात.

इतिहास : आखीव मार्गाने शहर पायी पाहण्याच्या आधुनिक प्रथेचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे अमेरिकेतील बॉस्टन शहराचा ‘फ्रीडम ट्रेल’ (१९५१). सु. ४ किमी. लांबीच्या या मार्गावर पदपथात तांबडी रेषा आखलेली असून तिच्या आधारे सोळा ऐतिहासिक स्थळे क्रमाने पाहता येतात. भारतात अहमदाबाद महानगरपालिकेने १९ नोव्हेंबर १९९७ रोजी कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतची फेरी सुरू केली. तेथील पोळांतून (दाट वस्तीचे गृहसमूह) जाणाऱ्या या फेरीमुळे जुन्या शहराविषयीची आस्था वाढीस लागली. २०१७ मध्ये अहमदाबादचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मुंबईत वास्तुशास्त्रज्ञ व इतिहासाचे अभ्यासक यांनी १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून अशा फेऱ्या नियमितपणे काढण्यास आरंभ केला. प्रारंभी त्यांचा भर फोर्ट, काळा घोडा, गिरगावातील खोताची वाडी अशा दक्षिण मुंबईतील भागांवर होता. उपनगरांकडे लक्ष वळले ते त्यानंतर.

उपनगरांचे वेगळेपण : अहमदाबादचे जुने शहर तटबंदीच्या आत एकवटले आहे. मुंबईतही किल्ल्याचा तट १८६० नंतरच्या दशकात पाडला गेला, तरी त्याच्या आतील नगर फोर्ट या नावाने ओळखता येते. उपनगरांत असे एकसंध जुने शहर नाही. हा सर्व भाग मूळच्या साष्टी बेटातील खेड्यांचा आहे. १५३४ च्या वसईच्या तहानंतर साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ती जिंकली. १७७४ मध्ये ती इंग्रजांच्या हाती पडली व १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडेच राहिली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आणि १८६४ मध्ये पश्चिमेकडील लोहमार्ग सुरू झाल्यावर स्थानकांभोवती नवी वस्ती वाढू लागली. मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत, तर १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी अस्तित्वात आला.

या क्रमात खेडी नाहीशी झाली नाहीत. ती नव्या वस्तीने वेढली गेली. त्यामुळे उपनगरांतील जुने शहर गावठाणे, कोळीवाडे, आदिवासी पाडे, लेणी व चर्चचे अवशेष अशा तुकड्यांत विखुरलेले आहे. रुंद रस्त्याने वाहनातून जाणाऱ्यास त्याची चाहूलही लागत नाही. दोन इमारतींमधील अरुंद बोळात शिरल्यावर रस्त्याची आखणी एकाएकी बदलते, घरांची उंची कमी होते आणि आपण गावठाणात आल्याचे कळते. म्हणूनच उपनगरांत मार्गदर्शकाचे महत्त्व दक्षिण मुंबईपेक्षा अधिक आहे. तेथे तो दिसणाऱ्या वास्तूचा अर्थ सांगतो. येथे त्याला मुळात वास्तू कोठे आहे हेच दाखवावे लागते.

गावठाणे : गावठाण म्हणजे गावातील घरांसाठी राखलेली, शेतसाऱ्याच्या जमिनीपासून वेगळी मानलेली जागा. आंबोली, मरोळ, चकाला, गुंदवली, एकसर, वझिरा, शिंपोली ही नावे आज प्रायः बसथांब्यांची वा रस्त्यांची म्हणून परिचित असली, तरी ती मूळ गावांची आहेत. महिकावतीच्या बखरीत (संपा. वि. का. राजवाडे, १९२४) साष्टीतील अनेक गावांचे उल्लेख येतात. कोळी, आगरी, भंडारी, पाचकळशी, कुणबी, वारली व ख्रिस्ती ईस्ट इंडियन हे येथील जुने समाज होत. ईस्ट इंडियन हे नाव या मराठीभाषक ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, धारण केले.

गावठाणातील जुन्या घरास पुढे ओटी वा पडवी, वर उतरते कौलारू छप्पर आणि पुष्कळदा माडीवर जाणारा बाहेरचा लाकडी जिना असतो. चौकात किंवा वाटेच्या तिठ्यावर क्रूस आढळतो. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेल्या प्लेगच्या काळात संरक्षणाच्या भावनेने उभारलेले क्रूसही यांत आहेत. विहीर हे गावठाणाचे आणखी एक महत्त्वाचे अंग. ईस्ट इंडियन विवाहात वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणण्याचा ‘उंबराचे पाणी’ हा विधी असतो. विहीर बुजविली गेली म्हणजे पाण्याबरोबर या विधीचे स्थानही नाहीसे होते. वारसा हा केवळ दगडविटांचा नसून वापराचाही असतो, हे फेरीत अशा ठिकाणी उभे राहून चटकन उमगते.

अंधेरी परिसर : अंधेरी पूर्वेकडील कोंडिविटे येथे महाकाली लेणी या नावाने ओळखला जाणारा बौद्ध लेण्यांचा समूह आहे. इ. स. पू. पहिल्या शतकापासून इ. स. सहाव्या शतकापर्यंतच्या काळातील ही एकूण १९ लेणी आहेत. त्यांतील नवव्या लेण्यात स्तूपाभोवती जाळीदार खिडक्यांची गोल, झोपडीसारखी खोली कोरलेली आहे. बिहारमधील बराबर टेकड्यांतील मौर्यकालीन लेण्यांशी साम्य दाखविणारी ही रचना पश्चिम भारतात अपवादात्मक होय. ‘महाकाली’ हे नाव मात्र नजीकच्या देवीच्या मंदिरावरून आले आहे. नावावरून वास्तूचा धर्म किंवा काळ ठरवू नये, हा वारसाफेरीतील पहिला धडा येथे मिळतो.

याच गावातील सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधले. १८४० मधील साथीनंतर ग्रामस्थांनी ते सोडले व उपासनेचे स्थान मरोळ येथे हलविले. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्राच्या (सीप्झ) आवारात या चर्चचे छप्परहीन अवशेष आले. आवारातील प्रवेश नियंत्रित असल्याने एरवी तेथे जाता येत नाही. वर्षातून एकदा मे महिन्यात तेथे प्रार्थना होते. अंधेरी पश्चिमेस गिल्बर्ट टेकडी हा सु. ६० मी. उंचीचा, उभ्या बेसाल्ट स्तंभांचा नैसर्गिक कडा असून दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांच्या काळातील, म्हणजे सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे. दगडाच्या खाणींमुळे टेकडीचा भोवतालचा भाग नाहीसा होऊन एकच सुळका उरला व तोही इमारतींनी वेढला गेला आहे.

बोरिवली परिसर : मंडपेश्वर येथील शैव लेण्यात नटराजाचा भव्य शिल्पपट आहे. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकांनी या लेण्याचे प्रार्थनामंदिर केले व वरच्या खडकावर मठ बांधला. त्याच्या भिंती आजही उभ्या आहेत. एकाच खडकात शैव शिल्प, क्रूस व पोर्तुगीज बांधकाम यांचे थर येथे दिसतात. येथून पायी जाण्याजोग्या अंतरावर एकसर येथील वीरगळ आहेत. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये तळ्याकाठच्या अशा सहा शिळांची नोंद असून त्यांतील मोठ्या शिळा सु. ३ मी. उंचीच्या आहेत. खालच्या पट्ट्यांत जमिनीवरील व समुद्रावरील युद्धाची दृश्ये, वल्ह्यांच्या रांगा असलेली जहाजे आणि वरच्या पट्ट्यांत वीराचे स्वर्गारोहण व लिंगपूजा असा क्रम आहे. यादव राजा महादेव व कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातील तेराव्या शतकातील नाविक युद्धाशी हे वीरगळ जोडले जातात; तथापि हे अनुमान आहे.

कान्हेरी येथील शंभरावर लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असून त्यांसाठी स्वतंत्र दिवस राखणे इष्ट. चैत्यगृह, विहार, पाण्याच्या पोढी व त्यांना जोडणाऱ्या पायऱ्या यांवरून तेथे एक नियोजित भिक्षुवसाहत होती, हे ध्यानात येते. कान्हेरीच्या एका दानलेखात आलेले गावाचे नाव म्हणजे आजचे मागाठाणे होय, असे मानले जाते. नव्वदाव्या लेण्यातील पेहलवी लेख १००९ व १०२१ या वर्षांचे असून ते तेथे आलेल्या पारशी प्रवाशांची नावे नोंदवितात. बाहेरून येऊन लेणी पाहणारे, म्हणजे आजच्या फेरीकरांचे पूर्वसूरी, सुमारे हजार वर्षांपूर्वीही येथे येत होते, असे यावरून म्हणता येते.

पूर्व उपनगरे : घाटकोपर व मुलुंड येथे जुनी गावे असली, तरी फेरीच्या दृष्टीने तेथे लोहमार्गानंतरच्या वसाहतींचा अभ्यास अधिक फलदायी ठरतो. मुलुंडमधील काटकोनात छेदणारे रस्ते हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नियोजनाचे उदाहरण आहे. गावठाणातील वळणदार बोळ व हे सरळ रस्ते यांची तुलना केल्यास वाढलेले गाव व आखलेले नगर यांतील भेद स्पष्ट होतो.

आयोजन : फेरीचे अंतर २ ते ३ किमी. व कालावधी दोन ते तीन तासांचा असावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातील सकाळची वेळ सोयीची असते. गटात पंधरा-वीसपेक्षा अधिक माणसे असल्यास अरुंद बोळात मागच्यांस ऐकू येत नाही व रहिवाशांची वाट अडते. मार्गदर्शकाने मार्ग आधी स्वतः चालून पाहावा, गावातील वडीलधाऱ्यांशी बोलावे व आवश्यक त्या परवानग्या घ्याव्यात. घरांची व माणसांची छायाचित्रे विचारल्याविना काढू नयेत. ज्याच्या ओटीसमोर आपण उभे आहोत, त्याच्या दृष्टीने ते संग्रहालय नसून घर आहे, याचा विसर पडू नये.

मार्गदर्शकाने सांगावयाच्या माहितीचे तीन प्रकार संभवतात : शिलालेख, कागदपत्रे वा वास्तुशैली यांनी सिद्ध होणारी, पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेलेली परंपरा, आणि दंतकथा. पांडवांनी एका रात्रीत लेणी कोरली, ही कथा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ऐकू येते. ती गाळण्याचे कारण नाही, कारण लोकमानसाचा तो पुरावा आहे. मात्र ती इतिहास म्हणून सांगू नये. हा विवेक सुटल्यास फेरी मनोरंजनापुरती उरते.

संरक्षण व मर्यादा : प्राचीन स्मारकांना १९५८ च्या केंद्रीय अधिनियमाने संरक्षण आहे, २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मी. पर्यंत नव्या बांधकामास मनाई असून पुढील २०० मी. मध्ये बांधकामावर नियंत्रण आहे. मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली व वास्तूंची तीन श्रेणींत वर्गवारी करण्यात आली. तथापि गावठाणातील साधे घर, विहीर वा पायवाट यांना यातून क्वचितच संरक्षण मिळते. एकेक घर वेगळे पाहिल्यास त्यात असामान्य असे काही नसते. मूल्य असते ते त्यांच्या समूहाला. एक घर पडले तर गावठाण टिकते, दहा पडली तर उरलेल्यांना अर्थ राहत नाही.

याची दुसरी बाजूही विचारात घेणे अगत्याचे आहे. जुन्या घरात वाटण्या झालेल्या असतात, दुरुस्तीचा खर्च परवडत नाही आणि पुढच्या पिढीला जागा अपुरी पडते. अशा कुटुंबाने घर जसेच्या तसे राखावे, अशी अपेक्षा दोन तासांच्या पाहुण्याने करणे न्याय्य नव्हे. सीमा निश्चित न झालेली वस्ती झोपडपट्टी म्हणून गणली जाईल, अशी भीतीही गावठाणे व कोळीवाडे येथील रहिवाशांनी वेळोवेळी व्यक्त केली आहे. त्यामुळे काय राखावे व काय बदलावे, या निर्णयात रहिवाशांचा वाटा पहिला असला पाहिजे. मार्गदर्शक गावातलाच असेल व फेरीचे उत्पन्न गावात राहील, तर ही गोष्ट अधिक सुकर होते.

वारसाफेरीने इमारत वाचत नाही. कायदा, पैसा व रहिवाशांची इच्छा यांनी ती वाचते. फेरीचे कार्य त्याआधीचे आहे. गावाचे नाव, विहिरीचा वापर, क्रूसावरील वर्ष, पडवीचे माप हे सर्व फेरीच्या निमित्ताने पाहिले, विचारले व टिपले जाते. ज्या ठिकाणी सरकारी यादीत नोंद नाही, तेथे ही टिपणे, छायाचित्रे व रहिवाशांच्या आठवणी हाच पुढील काळातील अभ्यासकास उपलब्ध होणारा पुरावा ठरतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर अशी नोंद व्यवस्थित करून ती स्थानिक ग्रंथालयात वा शाळेत ठेवणे, हा आयोजनाचाच भाग मानावा.