दवाखान्याची भिंत कोणाची?

सरकारी दवाखान्यात पाऊल टाकले की आधी काय दिसते? केसपेपरच्या खिडकीवर एखाद्या देवाची तसबीर, तिला सुकलेला हार, खाली अगरबत्तीची राख. जिन्याखाली छोटे देवघर. प्रसूती कक्षाच्या दारावर देवीचा फोटो. कुठे कुठे तर आवारातच मंदिर उभे राहिलेले असते. इथे काय मोफत मिळते, रक्त किती वाजेपर्यंत घेतात, तक्रार कोणाकडे करायची, हे सांगणारा फलक मात्र शोधावा लागतो. तो बहुधा कपाटामागे गेलेला असतो.

वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की हा विषय कोणीतरी काढतेच. एखादी तरुण कार्यकर्ती विचारते, "ताई, त्यांचे देव चालतात, मग आपण बुद्धमूर्ती बसवायची मागणी का करू नये?" एखादी वयस्क उपासिका म्हणते, "जाऊ दे गं, आपल्याला औषधाशी मतलब." दोघींचे म्हणणे आम्हाला समजते. पण आमचे उत्तर दोघींपेक्षा वेगळे आहे. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या दवाखान्याच्या भिंतीवर कोणत्याही धर्माचे प्रदर्शन नको. त्यांचे नको आणि आपलेही नको. रुग्णाच्या उशाशी मात्र त्याची श्रद्धा खुशाल असू द्यावी.

१९२३ च्या ठरावात दवाखानाही होता

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या मुलांनाही पाठ आहे. त्यामागचा ठराव मात्र थोड्यांनाच आठवतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलने रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्यात होते. त्याच ठरावात सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने यांचाही उल्लेख होता. या ठरावाला धरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे जाहीर केले. ते फक्त कागदावरच राहिले, म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले.

दवाखान्याचा उल्लेख का करावा लागला? बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्याचे उत्तर आहे. काठियावाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १९२९ च्या डिसेंबरात 'यंग इंडिया'त छापून आले होते, त्याची हकिकत त्यांनी तिथे दिली आहे. शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. फी ठरवून आला, तोही वस्तीबाहेरच थांबला. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हाती दिले, त्याने ते शिक्षकाला दिले आणि शिक्षकाने बायकोला लावले. त्याच वाटेने ते परत गेले. डॉक्टरने तिला हात न लावताच औषध सांगितले. ती बाळंतीण वाचली नाही.

आज थर्मामीटर असे फिरत नाही. पण बोले ठरावाची कसोटी आजही तीच लावायची आहे. पैसा कोणाचा? सर्वांचा असेल तर ती जागा सर्वांची. ही कसोटी दाराला लागू होते, खाटेला लागू होते, आणि भिंतीलाही लागू होते.

आजारी माणूस हरकत घेत नाही

"एक फोटो असला तर काय बिघडते? रुग्णाला तेवढाच आधार," असे आमच्या अनेक सहकारी सिस्टर म्हणत. त्यांच्या मनात वाईट नसे. आधाराची गरजही खरी आहे. ऑपरेशनला जाणारा माणूस कोणाचे तरी नाव घेतो, हे आम्ही रोज पाहिले आहे. पण हा आधार ज्याचा त्याने निवडायचा असतो. मालेगावची मुसलमान आजी, वसईची ख्रिस्ती बाई, आपली उपासिका आणि देवधर्म न मानणारा कामगार एकाच रांगेत उभे असतात. त्यांतल्या एकाचाच आधार सरकारने भिंतीवर टांगला, की बाकीच्यांना न बोलता एक निरोप मिळतो: इथे तुम्ही पाहुणे आहात.

इतर कचेऱ्यांपेक्षा दवाखाना वेगळा आहे. तहसील कचेरीत माणूस उभा राहून भांडू शकतो. दवाखान्यात तो आडवा असतो, त्याच्या हातात सलाईन असते आणि त्याचा जीव दुसऱ्याच्या हाती असतो. तो "नको" म्हणत नाही. आम्ही नोकरीत असताना एका शासकीय रुग्णालयात वॉर्डात सत्यनारायण असे. वर्गणी सर्वांकडून घेतली जाई. नोंदणीची खिडकी काही वेळ बंद राही आणि गरोदर बाया रांगेत ताटकळत. मग प्रसाद खाटेखाटेवर फिरे. बावीस प्रतिज्ञा घेतलेली एक सासू आम्हाला हळूच म्हणाली, "घेतला नाही तर सुनेकडे बघतील ना नीट?" कोणी तिला धमकावले नव्हते, तरी तिला भीती वाटत होती.

या भीतीचा परिणाम थेट तब्येतीवर होतो. ही जागा आपली नाही असे वाटले, की माणूस कमी बोलतो. आधीचा गर्भपात सांगत नाही, घरातला क्षयरोग सांगत नाही, गोळ्या बंद केल्याचे सांगत नाही. गोळी कशाची हे पुन्हा विचारायला संकोचतो. पुढच्या वेळी घरीच थांबतो. दुखणे वाढल्यावर आलेला रुग्ण वाचवणे किती कठीण असते, हे कोणत्याही सिस्टरला विचारा.

धूर, ज्योत आणि हार

निव्वळ आरोग्याच्या नजरेनेही पाहू. दम्याच्या रुग्णाला आणि नवजात बाळाला अगरबत्तीचा धूर म्हणजे धूरच. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण तो साचलेल्या जागी ठिणगी पडली तर चादर आणि गादी क्षणात भडकतात. म्हणून ऑक्सिजनजवळ निरांजन, समई, उदबत्ती काहीच नको. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बाळे गेली. ती आग दिव्याने लागली नव्हती, तिचा संबंध विजेशी जोडला गेला. पण नवजात कक्षात आग किती वेगाने पसरते हे आपण तिथे पाहिले. अशा ठिकाणी उघडी ज्योत कोणत्याच धर्माची चालणार नाही. प्रसादाला मुंग्या-झुरळे येतात आणि कुजलेल्या हारावर चिलटे बसतात. जखमांच्या वॉर्डात हे परवडत नाही.

संविधानाचे कलम २५ प्रत्येकाला धर्मस्वातंत्र्य देते. पण त्या कलमाची सुरुवातच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून अशी आहे. कलम २७ प्रमाणे एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी खर्च होणारा कर भरण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. १९९४ च्या बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मनिरपेक्षता हा संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग मानला. तरीही केवळ न्यायालयावर विसंबू नये. उच्च न्यायालयाच्या इमारतीच्या भूमिपूजनाला आव्हान देणारी याचिका २०११ मध्ये गुजरातच्या उच्च न्यायालयाने फेटाळली आणि याचिकाकर्त्यालाच दंड केला. म्हणून हे काम वस्तीतून, समितीतून आणि लेखी अर्जातून करायचे आहे.

नियम आपल्यालाही

आता अवघड भाग. काही ठिकाणी आपल्याच कर्मचारी बांधवांनी देवांच्या फोटोशेजारी बुद्धमूर्ती ठेवली आहे. त्यामागचे दुखणे आम्हाला कळते. पण भिंतीवर स्पर्धा लावली तर ज्यांची संख्या मोठी त्यांचीच तसबीर मोठी होणार. शिवाय तथागतांना हार घालून उदबत्ती लावली, तर धूर तोच आणि रांगेतल्या दुसऱ्या माणसाला मिळणारा निरोपही तोच.

बाबासाहेबांच्या तसबिरीचा प्रश्न वेगळा आहे. राष्ट्रपुरुषांच्या जयंत्या शासनाच्या परिपत्रकानुसार कार्यालयांत साजऱ्या होतात, त्यात १४ एप्रिल आहे. संविधानाच्या शिल्पकाराची तसबीर कार्यालयात असणे म्हणजे धर्माचे प्रदर्शन नव्हे. पण तीच तसबीर वॉर्डात नेऊन तिची पूजा मांडली, तर आपणच त्यांना देव्हाऱ्यात बसवतो.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, अशा अर्थाचा उपदेश त्यांनी संघाला केला. चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुणही तिथे येतात. औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, लोभाशिवाय मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र-थुंकी-वांतीची किळस न करणे, आणि रुग्णाला धम्माच्या बोलांनी धीर देणे. मूर्तीचा उल्लेख त्यात नाही. धीर देणे मात्र आहे, म्हणून उशाशी श्रद्धा हवीच. आपला माणूस दाखल असेल तर हळू आवाजात त्रिसरण-पंचशील म्हणा, मनगटाला परित्राणाचा दोरा असू द्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईची पोथी, तसबीह किंवा जपमाळ असेल तर तिचाही तेवढाच मान ठेवा. ऑपरेशनपूर्वी दोरा काढायला सांगितला तर काढा. तो नियम सर्वांना सारखा असतो.

खासगी व धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट थोडी निराळी आहे. मिशनचा क्रूस किंवा ट्रस्टचे मंदिर ही त्यांची ओळख असते. पण तातडीचा उपचार नाकारण्याचा हक्क कोणालाच नाही. शिवाय महाराष्ट्रातील मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात.

'मंदिर' लिहिलेल्या दारातून आत जा

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने आरोग्यवर्धिनी केंद्रांना 'आयुष्मान आरोग्य मंदिर' हे नाव दिले. नागालँड आणि मिझोराममधून त्याला विरोध झाला. त्याच सुमारास राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या बोधचिन्हात धन्वंतरीचे रंगीत चित्र आले आणि डॉक्टरांच्या संघटनेनेच त्यावर हरकत घेतली. सरकारी आरोग्यसेवेच्या नावात 'मंदिर' नको, असे आमचेही मत आहे आणि ते आपण लेखी कळवले पाहिजे. पण फलक पाहून कोणीही मागे फिरू नये. तिशीनंतर रक्तदाब, साखर, तोंडाचा, स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची तपासणी तिथे होते. ती आपल्या कराच्या पैशातून होते.

भिंतीवर काय हवे?

* १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत आहेत, हा फलक. मेडिकल कॉलेजची आणि महापालिकेची रुग्णालये या निर्णयात येत नाहीत, हेही लिहिलेले हवे.
* जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषध, रक्त, जेवण आणि वाहन मोफत. आजारी बाळावरचे उपचारही मोफत.
* रुग्ण हक्कांची सनद. जानेवारी २०२१ च्या नियमांनी ती खासगी नर्सिंग होमना लावावी लागते. मग सरकारी दवाखान्यात का नको?
* १०८ रुग्णवाहिका, १०४ आरोग्य सल्ला व तक्रार, आणि तक्रार घेणाऱ्या अधिकाऱ्याचे पद व खोली क्रमांक.
* संविधानाची उद्देशिका.

आपण काय करावे?

* वॉर्डात वाद घालू नका. ड्युटीवरची सिस्टर किंवा मावशी यांच्या हाती हा निर्णय नसतो, आपला रुग्ण मात्र त्यांच्या हाती असतो.
* कोणाचीही तसबीर स्वतः काढू नका. दोन मिनिटांच्या जोशापायी आपल्या पोरांवर गुन्हे दाखल होतात आणि मूळ मागणी बाजूला राहते.
* वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आग आणि जंतुसंसर्गाचा मुद्दा आधी मांडा, फलकांची मागणी सोबत करा. अर्जावर इतर धर्मांच्या शेजाऱ्यांच्याही सह्या घ्या.
* रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत विषय ठेवायला सांगा.
* आवारात नवे बांधकाम दिसले तर परवानगी कोणी दिली, पैसा कुठून आला, हे माहिती अधिकारात विचारा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे.
* तसबीर आणि भेदभाव यांत गल्लत करू नका. जातीवरून रुग्णालयात किंवा आरोग्य केंद्रात जाण्यास अडवले तर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, २०१५ च्या दुरुस्तीत तसे स्पष्ट लिहिले आहे. तिथे अर्जावर थांबू नका, पोलीस ठाण्यात जा.

येत्या पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा दोघी-तिघींना हे काम वाटून द्या. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन भिंतीवर काय काय आहे आणि काय नाही, ते वहीत लिहून आणायचे. पहिला अर्ज त्या यादीवरूनच तयार होईल. आणि तिथे गेल्याच आहात, तर आपला रक्तदाबही तपासून घ्या.

जयभीम!