पिन आधी की शेपटी?

सरसाचं भांडं या आठवड्यात चढवायचं होतं, पण ते आता पुढच्या खेपेला. सांगलीच्या एका वाचकांनी विचारलंय, "तुम्ही शेपट्या आधी कापायला सांगितल्यात. आमच्याकडचे मिस्त्री पिना आधी कापतात. खरं कोणाचं?" सुतारांमध्ये यावरून जगभर वाद चालतो आणि मला तो फार आवडतो. तेव्हा आज एवढंच.

डव्हटेल सांध्यात एका फळीला पाचरीच्या आकाराच्या शेपट्या असतात आणि दुसरीच्या पिना त्यांच्या मधल्या फटींत बसतात. आधी काहीही कापा, दोन्ही पद्धतींचं मूळ एकच आहे. आधी कापलेला भाग हाच दुसऱ्याचा साचा. दुसरी फळी पट्टीने मोजून आखायचीच नाही. पहिल्या कापांचा उतार एकात आठ ठरवला आणि एखाद्या ठिकाणी एकात सात झाला, तरी बिघडत काही नाही; दुसरी बाजू त्याच्यावरूनच उतरते. मात्र शेपटीचा काप फळीच्या जाडीतून काटकोनातच गेला पाहिजे. तिथे हयगय चालत नाही.

पिना आधी कापणाऱ्यांत मोठी माणसं आहेत. डेन्मार्कमध्ये शिकून पुढे अमेरिकेत ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमध्ये शिकवणारे टेग फ्रिड त्यातले. हंगेरीत वडिलांच्या हाताखाली तयार झालेले फ्रँक क्लाउझही त्यातलेच. क्लाउझ तर पिना आखतही नाहीत. एका बाजूला कललेले सगळे काप नजरेने घ्यायचे, मग दुसऱ्या बाजूचे. मग पिनांची फळी आडव्या फळीवर उभी करायची आणि पिनांच्या कडेने टोच्या फिरवायचा. खालची फळी टेबलावर सपाट पडलेली, वरची तिच्यावर स्थिर उभी, त्यामुळे आखणी सोपी. मोठ्या पेटीच्या लांब फळ्यांना हीच रीत सोयीची. सहा फुटी फळी उभ्या फळीच्या तोंडावर तोलून धरायची म्हणजे दोन माणसं लागतात. सांगलीचे मिस्त्री पेट्या करत असतील, तर त्यांचं बरोबरच आहे.

पण ड्रॉवर करायचा असेल तर मी शेपट्या आधी कापीन. ड्रॉवरच्या शेपट्या बाजूच्या फळ्यांना असतात, कारण आपण मूठ धरून ओढतो तो जोर दर्शनी फळीवर येतो आणि शेपटीचा पाचरीसारखा आकार तिला निसटू देत नाही. डावी आणि उजवी फळी सारखीच. दोन्ही एकत्र व्हाइसमध्ये धरा आणि एकदम कापा. अर्धं काम तिथेच वाचतं. शिवाय दोन फळ्या मिळून जाडी वाढते, त्यामुळे काप काटकोनात ठेवायलाही मदत होते.

अठराव्या शतकातला चांगला इंग्रजी ड्रॉवर मुंबईत चोरबाजारात किंवा कुठे हाती आला, तर उपसून बाजूने बघा. दोन शेपट्यांमधली फट वरच्या टोकाला जेमतेम करवतीच्या पात्याएवढी असते. पिन तिथे अगदी सुईसारखी निमुळती. दोन्ही तिरपे काप एकाच खाचेतून सुरू केलेले दिसतात, आणि शेपट्या आधी कापल्याशिवाय हे सहजी जमत नाही. मग दर्शनी फळी आतून बघा. पिनांच्या काठाने करवतीच्या खुणा आधाररेघ ओलांडून पुढे गेलेल्या असतात. समोरून न दिसणाऱ्या या सांध्यात करवत तिरपीच चालते, कोपऱ्यापर्यंत पोचत नाही. उरलेलं पटाशीने काढावं लागतं. ते कमी पडावं म्हणून कारागीर करवत मुद्दाम पुढे नेत. आतली बाजू कोण बघणार! मला तरी त्या खुणा पुढच्या पॉलिशपेक्षा जास्त आवडतात, कारण हात कसा चालला ते तिथे वाचता येतं.

शेपट्यांवरून पिना आखताना मात्र चाकूच वापरा. सागवानाच्या तोंडावर, जिथे तंतू कापलेले असतात, पेन्सिलीची रेघ जाड पडते आणि नीट दिसतही नाही. चाकू पातळ आणि एकाच बाजूने धार लावलेला हवा. सपाट बाजू शेपटीला टेकवून पहिला हात हलका फिरवा, दुसरा दाबून. शेपट्यांची फळी हलू नये म्हणून तिचं मागचं टोक आडव्या ठेवलेल्या रंध्यावर टेकवा. मग करवत नेहमी टाकाऊ लाकडात, रेघेला लागून. काप झाल्यावर चाकूच्या खाचेची एक कड पिनेवर शिल्लक दिसली, की सांधा हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसतो.