सोनाळ्याला रेल्वे येणार म्हणे!

आधीच कबूल करते. शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची पार बोंब आहे. मराठी विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "तू लिही, आम्ही बघून घेऊ." म्हणून ही हिंमत. चुका दिसल्या तर मॅडमना सांगा, मला नको!

होस्टेलला आल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येकीने मला एकच प्रश्न विचारला. गाव कोणतं? सोनाळा. हे कुठे आलं? तालुका संग्रामपूर, जिल्हा बुलढाणा, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. जवळचं स्टेशन? शेगाव. "म्हणजे तुमच्या गावात रेल्वेच नाही?" हे वाक्य ज्या दयेने म्हटलं जायचं ना, त्यावरूनच हा लेख सुचला. कारण आमच्या गावात रेल्वे नसली, तरी रेल्वेच्या नकाशात आमच्या गावाचं नाव आलंय.

गोष्ट सुरू होते आबांपासून. आबांच्या तरुणपणी अकोल्याहून खांडव्याला मीटरगेजची गाडी जायची. अकोट, अडगाव बुद्रुक, हिवरखेड, वान रोड, मग मेळघाटच्या जंगलातून धुळघाट, तुकईथड आणि पुढे खांडवा. ओंकारेश्वरला जायचं म्हणजे आमच्याकडची माणसं हिवरखेडला गाडीत बसायची. आबा अजून हात फिरवून सांगतात, "धुळघाटाले गाडी अशी गोल फिरे पोरी, आन् आपण जिथून आलो तो रूळ खाली दिसे!" लहानपणी मला ही आबांची थाप वाटायची. सेकंड इयरला रेल्वे इंजिनिअरिंगचा एक चॅप्टर वाचला आणि कळलं, आबा शंभर टक्के खरं बोलत होते.

ते असं. रेल्वेचं चाकही लोखंडी आणि रूळही लोखंडी. त्यामुळे घर्षण फार कमी. तोच फायदा आणि तीच अडचण. सपाटीवर एक इंजिन हजारो टन ओढतं, पण चढ आला की चाक जागेवर फिरायला लागतं. म्हणून रेल्वेचा चढ रस्त्यासारखा ठेवता येत नाही. समजा ४० मीटर उंची चढायची आहे. १ मध्ये ४० चा चढ (हा रेल्वेच्या हिशोबाने जबरदस्त चढ झाला) ठेवला तर १६०० मीटर लांबी लागते. १ मध्ये १०० ठेवला तर ४ किलोमीटर. आता डोंगरात ही लांबी आणायची कुठून? मग रूळच गोल फिरवायचा, आणि फिरून आलेला रूळ आधीच्या रुळाच्या वरून न्यायचा. यालाच स्पायरल म्हणतात. धुळघाटचा हा वेढा इंग्रजी-हिंदीतल्या चारच्या आकड्यासारखा दिसतो, म्हणून लोक त्याला 'चार का आंकडा' म्हणायचे.

आणि ही काही गावठी फांदी नव्हती बरं का! उत्तरेकडचं आणि दक्षिणेकडचं मीटरगेजचं जाळं याच मार्गाने जोडलेलं होतं. काचीगुडा ते जयपूर अशी मीनाक्षी एक्सप्रेस इथून धावायची. हैदराबादचा माणूस राजस्थानला जाताना आमच्या हिवरखेडवरून जायचा, आणि आज हिवरखेडच्या माणसाला खांडव्याला जायचं तर गाड्या बदलत जावं लागतं. याला प्रगती म्हणायचं की काय, तुम्हीच ठरवा.

मीटरगेज म्हणजे दोन रुळांमध्ये १००० मिलिमीटर अंतर, ब्रॉडगेज म्हणजे १६७६. "मग एक रूळ पाऊण मीटर बाजूला सरकवला की झालं!" असं आमच्या रूमवर एकीने (ती कॉम्प्युटरची आहे, माफ करा) सांगितलं. तसं नसतं. भराव रुंद करावा लागतो, पूल नवे लागतात, बोगदे मोठे लागतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे वळण. आपल्या पुस्तकाप्रमाणे मीटरगेजला १०९ मीटर त्रिज्येपर्यंतचं वळण चालतं, ब्रॉडगेजला किमान १७५ मीटर. म्हणजे धुळघाटचा वेढा आहे तसा ब्रॉडगेजला चालणार नाही, नवा मार्ग आखावा लागणार. नवा मार्ग म्हणजे नवं जंगल तोडणं.

इथेच गाडी अडली. अकोला-पूर्णा भाग २००८ पर्यंत ब्रॉडगेज झाला. रतलाम-महू-खांडवा-अकोला हे सुमारे ४७३ किलोमीटरचं रूपांतरही त्याच सुमारास मंजूर झालं. २०१७ च्या सुरुवातीला अकोला-अकोट मीटरगेज बंद झाली. ब्रॉडगेज होऊन गाडी पुन्हा धावायला २०२२ साल उजाडलं. खांडव्याच्या बाजूनेही आमला खुर्दपर्यंत काम पुढे सरकलं. पण मधला अकोट ते आमला खुर्द हा पाऊणशेवर किलोमीटरचा तुकडा तसाच राहिला, कारण त्यातले ३८-३९ किलोमीटर मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातात. देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले तेव्हा पहिल्या नऊमध्ये मेळघाट होता. जुनी गाडी दिवसातून मोजक्या फेऱ्या, तीही रमतगमत करायची. ब्रॉडगेज झाल्यावर मालगाड्या दिवसरात्र धावणार, आणि वाघाला फाटक कळत नाही.

प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. ऑगस्ट २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांना पत्र लिहून जंगलाबाहेरून मार्ग न्यायची मागणी केली, आणि पुढे रेल्वेनेही ते मान्य केलं. आता वाचा हा बाहेरचा मार्ग: अडगाव, हिवरखेड, सोनाळा, जामोद, कुंवरदेव, खकनार, खिकरी, तुकईथड. साधारण ३० किलोमीटर लांबचा, पण जास्त गावांना गाडी देणारा.

ही बातमी आली तेव्हा आबांनी पेढे आणायला सांगितलं. बाबा मात्र गप्प होते. आमचं शेत गावाच्या ज्या अंगाला आहे, त्याच अंगाने रेषा जाईल असं गावात बोलतात. बाबा म्हणाले, "स्टेशन होईल तेव्हा होईल, वावर आज जाईल." आबा म्हणाले, "तुले शेगावले रात्री एसटी चुकली की कळते." दोघंही खरं बोलत होते. मला अजून बाजू ठरवता आलेली नाही. मी आपली अभ्यासाला निघून गेले.

पैशाचं काय? पूर्वी रेल्वेचं बजेट वेगळं असायचं, १९२४ पासून. २०१७ पासून ते मुख्य बजेटमध्येच आलं. नवा मार्ग म्हटला की पहिला प्रश्न, कमाई किती? सोनाळ्याचं तिकीट विकून डोंगरातले पूल काही फिटत नाहीत. म्हणून महाराष्ट्रात काही मार्गांचा अर्धा खर्च राज्य सरकार उचलतं. अहिल्यानगर-बीड-परळी तसाच. त्याला इतकी वर्षं लागली की बीडला पहिली गाडी सप्टेंबर २०२५ मध्ये पोचली. आपल्याच जिल्ह्यातला खामगाव-जालना मार्ग तर लोक इंग्रजांच्या काळापासून मागताहेत. हे बघता माझं लग्न आधी होईल की सोनाळ्याचं स्टेशन, यावर होस्टेलमध्ये पैज लागली आहे.

आणि पैसा मिळाला तरी तो जातो कुठे हे बघायला हवं. आपले अनिल काकोडकर सर यांच्या समितीने २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षेसाठी पाच वर्षांत १ लाख कोटी लागतील असं सांगितलं. रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५ हजार माणसं मरतात आणि त्यातली सहा हजार एकट्या मुंबई लोकलच्या हद्दीत, हेही त्याच अहवालात होतं. २०१७-१८ मध्ये तेवढ्याच रकमेचा राष्ट्रीय रेल संरक्षा कोष काढला. छान. पण २०२२ मध्ये कॅगचा अहवाल आला, त्यात या कोषातून पायाला मसाज करायची यंत्रं, कपबश्या आणि फर्निचर घेतल्याचं निघालं! आपल्या मेसच्या हिशोबावर आपण उगाच भांडतो.

'कवच' हे नाव तुम्ही ऐकलं असेल. रुळात टॅग बसवतात, इंजिनात कॉम्प्युटर आणि दोघांमध्ये रेडिओ. चालकाने लाल सिग्नल ओलांडला तर ब्रेक आपोआप लागतो. किलोमीटरमागे साधारण ५० लाख खर्च. पण कवच फक्त गाडीला गाडीपासून वाचवतं, माणसाला नाही.

२२ जानेवारी २०२५. आपल्या भुसावळ विभागातच, पाचोऱ्याजवळ. पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, कुणीतरी साखळी ओढली, माणसं घाबरून शेजारच्या रुळावर उतरली. समोरून कर्नाटक एक्सप्रेस आली. डझनभर माणसं जागीच गेली. तिथे वळण असल्याने चालकाला दूरचं दिसत नव्हतं, असं रेल्वेने तेव्हा सांगितलं. आता गणित करा. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २८ मीटर. ३०० मीटरवर माणूस दिसला तर हातात अकरा सेकंद, आणि गाडी थांबायला किलोमीटरभर लागू शकतो. तुम्ही शेगावहून चढता तो मार्ग दुहेरी आहे. गाडी मध्येच थांबली तर ज्या बाजूला दुसरा रूळ आहे त्या बाजूने कधीही उतरू नका. उतरायचंच झालं तर भरावाच्या बाजूने. मदतीला १३९ नंबर.

अजून एक, हे खास होस्टेलवाल्यांसाठी. ऑनलाइन तिकीट काढताना ४५ पैशांच्या विम्याचा चौकोन असतो. मृत्यू झाल्यास १० लाख. पण नंतर मेलवर लिंक येते आणि तिथे वारसाचं नाव भरायचं असतं. आमच्या मजल्यावर मी विचारलं तेव्हा अकरा जणींपैकी एकीनेही भरलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही. जनरलच्या तिकिटाला हा विमा नाही, पण अपघातात किंवा चालत्या गाडीतून पडून माणूस गेला तर घरच्यांना रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे ८ लाखांपर्यंत दावा करता येतो. विदर्भासाठी ते नागपूरला आहे, मुदत एक वर्ष. मृताजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या रीना देवी खटल्यात सांगितलंय. गावाकडे हे कुणाला माहीत नसतं.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आबांना हे सगळं समजावून सांगितलं, स्पायरल, गेज, कवच, विमा. आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "सोनाळ्याच्या पलीकडं जामोदहून गाडी डोंगर चढन, तवा ते पुन्हा गोल फिरन का?"

मी सरांना विचारून सांगते म्हटलं.