गोळीच्या नावातला ‘डी’

‘माझ्या ॲसिडिटीच्या गोळीच्या नावापुढे डी आहे. म्हणजे त्यात व्हिटॅमिन डी असतं का?’ असं साताऱ्याच्या एका वाचकांनी विचारलं आहे. नाही, हा डी डॉम्पेरिडोनचा. पट्टी उलटी करून पाहा. बारीक अक्षरांत बहुधा पँटोप्राझोल 40 मिलिग्रॅम आणि डॉम्पेरिडोन 30 मिलिग्रॅम असं सापडेल. पहिलं औषध आम्ल कमी करतं, दुसरं जठराला ‘आटप लवकर’ म्हणतं.

दोन घासांत पोट तट्ट होतं, दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत छातीशी बसतं, करपट ढेकरा येतात. अशा वेळी जठर सुस्तावलं असेल असं कुणालाही वाटेल. पण जठर ही गिरणी आहे. मिनिटाला साधारण तीन लाटा अन्न खालच्या दाराशी रेटतात आणि ते दार जेमतेम किलकिलं असतं. एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठी कणी परत मागे, पुन्हा दळायला! पाणी झटकन पुढे जातं, भाताला वेळ लागतो. तूप आतड्यात पोचलं, की आतडंच वर निरोप धाडतं, ‘जरा दमानं’. तेव्हा पुरणपोळीच्या दिवशी जठर रेंगाळतं ते आळसाने नव्हे, वरिष्ठांच्या हुकमाने.

जठराला पळवणाऱ्या औषधांतलं माझं लाडकं औषध मुळात या कामाचं नव्हेच. 1949 साली फिलिपिन्समधल्या इलोइलोहून अबेलार्दो आगिलार या डॉक्टरांनी मातीचा नमुना अमेरिकेत, आपल्या इलाय लिली कंपनीकडे पाठवला. त्या मातीतल्या सूक्ष्मजीवापासून एरिथ्रोमायसिन मिळालं आणि 1952 मध्ये ‘इलोटायसिन’ म्हणून बाजारात आलं. नावात इलोइलो आलं, आगिलार मात्र कुठेच नाहीत. रॉयल्टी मागून मागून ते थकले, मिळाली नाही.

हे प्रतिजैविक घेतलं की पोटात पीळ पडतो, हे डॉक्टरांना माहीत होतं. तो का पडतो, याचा उलगडा 1980च्या दशकात जपानमध्ये झेन इतोह यांच्या गटाने कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून केला. हे औषध मोटिलिन या संप्रेरकाची नक्कल करतं. उपाशीपोटी दर दीड-दोन तासांनी जठरात झाडू फिरतो तो मोटिलिनच्या सांगण्यावरून. पोटात कावळे ओरडतात म्हणतो ना, त्यात याचाही हात. मग 1990 मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी मधुमेहींचं मंदावलेलं जठर एरिथ्रोमायसिनने भराभर रिकामं करून दाखवलं. आता अपचन संपलंच, असं वाटावं अशी ही बातमी होती!

संपलं नाही. जंतूंना हात न लावता फक्त मोटिलिनचं काम करणारा एरिथ्रोमायसिनचा एक भाऊबंद तयार झाला. त्याचं नाव एबीटी-229. अपचनाच्या रुग्णांवरच्या त्याच्या चाचणीचे निष्कर्ष 2000 साली आले. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा या रुग्णांना जास्त आराम पडला नाही, ज्यांचं जठर खरोखर मंद होतं त्यांनाही नाही.

मला या विषयातला हाच निकाल सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि जाहिरातींत तो कधीच दिसत नाही. अशा अपचनाच्या रुग्णांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश लोकांचंच जठर मंद असतं. बाकीच्यांत कुणाच्या जठराचा वरचा भाग जेवताना सैल होत नाही, कुणाच्या नसा जरा ताण पडला की बोंब ठोकतात. मंदपणा ढेकरांवरून कळत नाही, मोजावा लागतो. किरणोत्सारी टेक्निशियम मिसळलेलं अंड्याचं सँडविच खायला घालतात (आपल्याकडे काही ठिकाणी इडली), आणि चार तासांनी दहा टक्क्यांहून जास्त उरलं तर जठर मंद. किती जणांची ही तपासणी होते?

बरं, घाई फुकट होत नाही. सिसाप्राइड हे जठराला पळवणारं आणखी एक औषध हृदयाची लय बिघडवतं म्हणून 2000 साली अमेरिकेच्या बाजारातून गेलं. एरिथ्रोमायसिनसोबत घेतलं तर धोका आणखी वाढायचा. डॉम्पेरिडोनवरही 2014 मध्ये युरोपच्या नियामकांनी हृदयाच्याच कारणाने बंधन घातलं. ते फक्त मळमळ-उलटीसाठी द्यायचं, मोठ्यांना दिवसाला जास्तीत जास्त 30 मिलिग्रॅम, आणि शक्यतो आठवडाभराच्या वर नाही.

साताऱ्याच्या वाचकांनी पत्राच्या शेवटी लिहिलंय, ‘गोळी तीन वर्षं चालू आहे, छान मानवली आहे.’ मनाने बंद करू नका. पण डॉक्टरांकडे जाताना पट्टी बरोबर न्या आणि तुम्ही मला जे विचारलंत, तेच त्यांनाही विचारा.