थकबाकी ८८ तासांची, फेड १५ तासांची

१९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सॅन दिएगो शहरात रँडी गार्डनर नावाच्या १७ वर्षांच्या पोराने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सलग २६४ तास जागून दाखवलं. म्हणजे ११ दिवस. रोजचे आठ तास धरले, तर ८८ तासांची झोप थकली. एखाद्या सावकाराने ती व्याजासकट वसूल केली असती. गार्डनर मात्र पंधरा तास भरायच्या आतच उठला, पुढच्या काही रात्री थोडा जास्त झोपला आणि तेवढ्यावर भागलं.

बाकीचे ७० तास गेले कुठे?

झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेल्या प्रतिरूपात याचं उत्तर आहे. त्यांच्या मते झोप दोन गोष्टींवर चालते. एक शरीरातलं घड्याळ, दुसरा झोपेचा दाब. जागेपणी हा दाब चढतो, झोपेत उतरतो. दोन वर्षांनी सर्ज डान आणि डोमिन बीर्स्मा यांच्यासोबत त्यांनी या चढउताराला आकडेही दिले: चढण्यासाठी १८.२ तास, उतरण्यासाठी ४.२ तास. दाबाला एक छत आहे असं समजा. जागेपणाच्या दर १८.२ तासांत छतापर्यंतचं उरलेलं अंतर आधीच्या ३७ टक्क्यांवर येतं. झोपेत ४.२ तासांत साचलेला दाब तसाच ३७ टक्क्यांवर उतरतो.

आता गणित करून पाहा. तळापासून निघालो तर १६ तासांच्या जागरणात ५८ टक्के चढण होते आणि ५५ तासांत ९५ टक्के. गार्डनरचे पुढचे २०९ तास त्या शेवटच्या पाच टक्क्यांत गेले! आणि उतरताना? छतापासून निघून साडेचौदा तास झोपलं की दाब उरतो जेमतेम तीन टक्के. कागदावरचं सूत्र आणि तो पोरगा यांचं इतकं जमावं, याचं मला अजून नवल वाटतं. अर्थात फेड नुसत्या तासांत होत नाही. जागरणानंतरची झोप जास्त गाढ असते, मेंदूच्या संथ लहरी जास्त उंच उसळतात.

घड्याळाचा आकडा याहून चक्रावणारा आहे. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांतल्या फक्त २० हजारांचा, डोळ्यांमागच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर बसलेला पुंजका अख्ख्या शरीराची वेळ ठरवतो. प्रमाण पडतं ४३ लाखांमागे एक. २०११ च्या जनगणनेतल्या सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्राने केवळ २६ माणसांच्या सांगण्यावरून उठावं, जेवावं, झोपावं, तसला हा कारभार.

बरं, ते घड्याळ अचूक तरी असावं! माणसात त्याचा फेरा सरासरी २४.२ तासांचा असतो, म्हणजे रोज १२ मिनिटं मागे. सकाळच्या उजेडाने ते जुळवलं नाही तर १२० दिवसांत एक अख्खा दिवस हातचा जाईल. ज्यांना उजेडाची जाणीवच होत नाही अशा अनेक अंध व्यक्तींचं असंच होतं: काही आठवडे झोप रात्री, मग हळूहळू सरकत ऐन दुपारी. १९६२ साली मिशेल सिफ्र हा फ्रेंच माणूस आल्प्समधल्या गुहेत घड्याळाविना दोन महिने राहिला. १४ सप्टेंबरला वर आला तेव्हा त्याच्या हिशेबाने तारीख होती २० ऑगस्ट.

इथवर सूत्र गुणी विद्यार्थ्यासारखं वागतं. २००३ सालच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या प्रयोगाने मात्र त्याला अडवलं. रोज सहा तास झोप, १४ दिवस. आठ तास झोपून १५ टक्के दाब उरतो, सहा तासांत २४. फरक किरकोळ, असं सूत्र म्हणतं. प्रत्यक्षात लक्ष आणि स्मृती यांच्या चाचण्यांत ही माणसं दिवसागणिक घसरत गेली, पार एक अख्खी रात्र जागलेल्यांच्या पातळीपर्यंत. थकबाकी होती २८ तासांची, गार्डनरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. आणि आपण इतके मंदावलोय हे त्यांना स्वतःला फारसं जाणवतही नव्हतं. झोप किती गाढ लागेल हे सांगायला बोर्बेलींचं प्रतिरूप आजही उत्तम आहे. जागेपणी डोकं किती चालेल, हे त्याला विचारू नये.

त्यासाठी १९९७ सालचा, ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगाचा आकडा घ्या. १७ तासांच्या सलग जागरणाने माणूस जितका मंदावतो, तितका तो रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना मंदावतो. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे ०.०३ टक्के. पहाटे पाचला उठून गाडी घेऊन निघालेल्या माणसाचे १७ तास रात्री दहाला भरतात, आणि नाक्यावरच्या पोलिसाच्या यंत्रात तो आकडा शून्यच येतो.