वाट माहीत असलेली आई

पहाटे डहाणूहून निघालेली लोकल उमरोळीला थांबते, तेव्हा चढणारी बहुतेक मंडळी कामावर निघालेली असते. त्या गर्दीत कधी एखादी बाई दिसते. कडेवर तोंडाला मास्क बांधलेले मूल, खांद्याला पाण्याची बाटली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेली दवाखान्याची फाईल. विरारला गाडी बदलून ती दादरला उतरणार आणि परळ गाठणार. १९२९ साली सुरू झालेले वाडिया बाल रुग्णालय परळला आहे, १९४१ सालापासूनचे टाटा कॅन्सर रुग्णालयही परळलाच. मुलांच्या मोठ्या दुखण्यात आमच्या भागातील कितीतरी घरांची वाट शेवटी तिकडेच वळते.

अशाच एका भगिनीशी आम्ही बोललो. तिच्या इच्छेवरून नाव देत नाही. तिचा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याचा ताप उतरेना, पायांवर निळे डाग दिसू लागले. तपासणीत रक्ताचा कर्करोग निघाला. ती म्हणाली, "डॉक्टरांनी अर्धा तास समजावून सांगितलं. मला मात्र कॅन्सर एवढा एकच शब्द ऐकू आला. बाहेर येऊन जिन्याखाली बसले. शेजारी एक खानदेशातली बाई होती. तिनं आधी विचारलं, सकाळपासून काही खाल्लंस का?"

त्या बाईच्या मुलीच्या उपचारांचे दुसरे वर्ष चालू होते. केसपेपर कुठे दाखवायचा, समाजसेवा विभागात कोणत्या वेळी जायचे, हे तिने सांगितले. पोराचे केस गळतील पण पुन्हा येतील; पाणी उकळूनच द्यायचे; आणि उपचार चालू असताना ताप आला तर मध्यरात्र असली तरी सकाळची वाट पाहायची नाही, दवाखाना गाठायचा. यातले बरेचसे डॉक्टरांनीही सांगितले होतेच. पण ज्या बाईने हे सारे स्वतःच्या लेकरासाठी केले आहे, तिच्या तोंडून ऐकल्यावर आपल्यालाही हे जमेल असे त्या भगिनीला वाटले. अडीच वर्षे उपचार झाले. मुलगा आता नववीत आहे. आणि वस्तीतून कुणी आजारी मूल घेऊन परळला निघाले, तर पहिल्या दिवशी ही भगिनी सोबत जाते.

या कामाला जगात आता रीतसर रूप आले आहे. अमेरिकेतील ओमाहा शहरात १९७१ साली अपंग मुलांच्या आईबापांनी नव्या आईबापांना साथ देण्याचा उपक्रम सुरू केला. अनुभवी पालकाला आधी शिकवण द्यायची आणि मग त्याची गाठ तशाच दुखण्याच्या मुलाच्या घराशी घालून द्यायची, ही त्याची पद्धत. पुढे ती अनेक ठिकाणी पसरली. मुंबईत बालपणी कर्करोगातून बरे झालेल्या तरुणांचा 'उगम' हा गट २००९ साली इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने उभा राहिला. बाहेरगावच्या कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना मोफत निवारा देणारी सेंट ज्यूड ही संस्था २००६ साली मुंबईतच सुरू झाली. तेथे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा असते, स्वयंपाकघर मात्र सामाईक. चुलीपाशी उभ्या असलेल्या आयाच एकमेकींच्या शिक्षिका होतात.

हे एवढे महत्त्वाचे का? मुलांचा रक्ताचा कर्करोग वेळेवर आणि पुरते उपचार झाले तर बहुतेकदा बरा होतो. घात होतो तो उपचार अर्ध्यावर सुटल्याने. टाटा रुग्णालयात २००९ च्या सुमारास शंभरातील वीसएक मुलांचे पालक उपचार नाकारत किंवा मध्येच सोडून जात. राहण्याची सोय, पैशाची मदत, जेवण आणि पालकांना समजावून धीर देणे हे सारे एकत्र केल्यावर पुढच्या काही वर्षांत हे प्रमाण पाचाच्या खाली आले. औषधे आधीही होतीच. गावी परतणाऱ्या आईबापांना थांबवणारे कुणी नव्हते.

आईबाप परततात ती निष्काळजीपणाने नव्हे. बापाचा तारापूरच्या कारखान्यातला रोज बुडतो. घरी ठेवलेली दुसरी मुले आजारी पडतात. खिडकीवरचा माणूस तुसडेपणाने बोलतो. आणि गावात कुणीतरी सांगतोच, की भगताकडे नेऊन बघा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही अशा वेळी पाय डगमगतो, हे आम्ही लपवून ठेवणार नाही. त्या क्षणी रागावणारा उपदेशक उपयोगाचा नाही. उपचार पुरे करून घरी परतलेल्या मुलाची आई समोर बसली, तर भगताची वाट आपोआप सुटते.

आम्हा बौद्धांना ही गोष्ट नवी वाटू नये. मोहरीचे दाणे मागत दारोदार फिरलेली किसा गोतमी आपण विहारात वारंवार ऐकतो. दुःख आपल्या एकटीचे नाही, हे तिला घरोघरी फिरून कळले. पटाचारेची कथा त्याही पुढे जाते. नवरा, दोन्ही मुले, आईबाप सारे गमावलेली ही स्त्री तथागतांच्या संघात आली, आणि पुढे मुले गमावलेल्या स्त्रिया सांत्वनासाठी तिच्याकडे येऊ लागल्या. थेरीगाथेत त्याची नोंद आहे. जिने सोसले, तिनेच दुसरीला उभे केले.

बाबासाहेब आणि माता रमाई यांनी तर आपली चार मुले गमावली. लाडका राजरत्न १९२६ साली गेला. त्या घराचे दुःख ज्या समाजाला ठाऊक आहे, त्या समाजातल्या आईला इस्पितळाच्या जिन्याखाली एकटे बसावे लागू नये.

म्हणून विहारांना आणि महिला मंडळांना आमची विनंती आहे. ज्यांनी मुलाचे मोठे आजारपण पाहिले आहे, अशा दोन-तीन आईबापांची नावे त्यांच्या संमतीने लिहून ठेवावीत. त्यांनी औषध सुचवू नये, मूल नक्की बरे होईल असे वचन देऊ नये आणि ऐकलेली गोष्ट वस्तीत बोलू नये. सोबत जावे, ऐकून घ्यावे, वाट दाखवावी. बापाशी बोलायला बाप असावा. पुरुष रडत नाहीत म्हणून त्यांना कुणी विचारतही नाही.

वाट दाखवणाऱ्याला काही गोष्टी माहीत हव्यात. अंगणवाडीत व शाळेत मुले तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरमधूनच सुरू झाला. त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होऊन पुढच्या उपचारांसाठी पाठवले जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत असावे आणि योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटावे. धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

निघताना आम्ही त्या भगिनीला विचारले, नव्या आईला तुम्ही पहिल्यांदा काय सांगता? ती हसली. "सांगत काहीच नाही. डबा घेऊन जाते. आधी विचारते, सकाळपासून काही खाल्लंस का?"

जयभीम.